आजीचा ‘ळ’ आणि नातवाचा ‘ला’

बारा कोसांवर भाषा बदलते, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपले हे बेट पूर्वेकडून पश्चिमेकडे मोजले तर सुमारे ५० किलोमीटर भरते. जुन्या हिशेबाने ते पंधरा-सोळा कोस झाले. म्हणजे म्हण खरी मानली तर चांगीहून निघालेल्या माणसाला जुराँगच्या पलीकडे पोहोचेपर्यंत भाषा फार तर एकदा बदललेली आढळावी. प्रत्यक्षात इथे तेवढे चालावे लागत नाही. चार खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेले की भाषा बदलते. आजीची एक, आई-बाबांची दुसरी आणि शाळेतून नुकत्याच आलेल्या नातवाची तिसरी. शब्द पुष्कळदा तेच असतात. बदलतो तो उच्चार, हेल, बोलण्याची ढब.

एका घरातला प्रसंग सांगतो. आजी पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेली. आठ वर्षांचा नातू जेवायला बसलेला. आजीने विचारले, “अजून भात वाढू का रे?”

“नको ला, आजी. बात पुरे. मला एक केलं दे.”

आजी वाढता वाढता थांबली. “काय केलंस?” तिने घाबरूनच विचारले. मग सुनेने उलगडा केला, “आई, त्याला केळं हवंय.” घरात हशा पिकला. आजी हसली, बाबा हसले, नातूही हसला. संध्याकाळी शेजारच्या मराठी कुटुंबाला ही गंमत सांगण्यात आली, तेव्हा पुन्हा सगळे हसले. या वेळी नातू मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने केळे मागितले ते ‘बनाना’ म्हणून, आणि त्यानंतर आजीशी तो शक्यतो इंग्रजीतच बोलू लागला.

वाचकहो, हा लेख त्या एका केळ्याविषयी आहे. आपल्या मुलांचे बोलणे असे का होते, या शहराचा स्वतःचा आवाज कसा घडला, आणि त्या आवाजाला हसताना आपण काय गमावून बसतो, याचा थोडा विचार करू.

तीन पिढ्यांची एक मोटार

उच्चार कसे बदलतात हे पाहायला एकच इंग्रजी शब्द पुरे आहे : ‘कार’. महाराष्ट्रातल्या शाळेत इंग्रजी शिकून इथे आलेले आजोबा ‘कार’ म्हणताना शेवटचा ‘र’ स्वच्छ उच्चारतात. पुस्तकात ‘र’ छापला आहे, तर तो म्हणायचा, हा त्यांचा सरळ हिशेब. त्यांचा इथेच वाढलेला मुलगा म्हणतो ‘का’. ‘र’ गेला. कारण त्याच्या शाळेत जे इंग्रजी नमुना म्हणून समोर ठेवले गेले ते ब्रिटिशांचे, आणि लंडनच्या प्रतिष्ठित बोलण्यात स्वराच्या मागचा ‘र’ मुका असतो. आता नातवाकडे कान द्या. तो घरी आणि मित्रांत ‘का’च म्हणतो, पण वर्गात उभे राहून काही वाचून दाखवायचे असले, की कधीकधी तो ‘र’ जीभ वळवून परत येतो. हा ‘र’ आजोबांचा नव्हे. तो अमेरिकेहून चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या वाटेने आलेला आहे. इथल्या काही तरुण मंडळींच्या तोंडी तो ऐकू येतो हे भाषेच्या अभ्यासकांनीही टिपले आहे. आजोबांचा ‘र’ गावंढळ ठरला होता. नातवाचा ‘र’ फॅशनेबल ठरतो.

‘तीन’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचेही तेच. आजोबा ‘थ्री’ म्हणतात तो ‘थ’ आपल्या ‘थंडी’तला, दातांना जीभ टेकवून श्वास सोडलेला. मुलगा म्हणतो ‘ट्री’, म्हणजे ऐकणाऱ्याला झाडच वाटावे. नातू शिक्षिकेपुढे इंग्रजी पद्धतीने जीभ दातांमधून काढून म्हणतो आणि खाली उतरला की ‘ट्री’. ‘दात’ या अर्थाचा ‘टीथ’ तर इथे पुष्कळांच्या तोंडी ‘टीफ’ होतो.

याशिवाय एक गोष्ट आहे, ती कानाला जाणवते पण बोटाने दाखवता येत नाही : ताल. लंडनचा माणूस एका अक्षरावर जोर देतो आणि आजूबाजूची अक्षरे गिळून टाकतो. सिंगापुरी माणूस प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखा वेळ देतो आणि वाक्याचे शेवटचे अक्षर जरा लांबवतो. ताशावर एकसारखी टिपरी पडावी तसे ते बोलणे टकटकत जाते. गंमत अशी, की हा ताल मराठी कानाला परका नाही. आपणही अक्षरे गिळत नाही. म्हणून महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाला इथल्या इंग्रजीचे शब्द दोन आठवडे कळत नाहीत, पण चाल लगेच ओळखीची वाटते.

शहराचा आवाज कसा घडला

या बेटावर एक बोली कधीच नव्हती. १८१९ साली रॅफल्सने इथे ठाणे उघडल्यावर माणसे आली ती चारी दिशांनी. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून हॉकियन, टिओचू, कँटोनीज बोलणारे आले. आसपासच्या बेटांवरून मलय, जावानीज आणि बुगीस आले. भारतातून तमिळ, मल्याळी, गुजराती, सिंधी, पंजाबी आले. १८२५ पासून ब्रिटिशांनी इथे भारतातले कैदी पाठवले, त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलसारख्या आज आपण कौतुकाने पाहतो त्या इमारतींवर या कैद्यांचा घाम पडलेला आहे. एवढ्या माणसांनी एकमेकांशी बोलायचे कसे? तर बाजारातल्या मोडक्यातोडक्या मलयमध्ये. युद्धापूर्वी आणि त्यानंतरही बरीच वर्षे चिनी दुकानदार, तमिळ गवळी आणि मलय कोळी यांची सामाईक भाषा तीच होती. इंग्रजी ही कचेरीची आणि मोजक्या शाळांची भाषा होती.

जुन्या बोलण्याच्या खुणा अजून रस्त्यारस्त्यांवर आहेत, आणि मराठी माणसाला त्या चटकन सापडतात. ‘धोबी घाट’ हे नाव वाचून मुंबईकर गहिवरतो. पण आगगाडीतल्या घोषणेत ते ‘डोबी गॉट’ असे काहीसे ऐकू आले, की आपण उतरायचे स्टेशन हेच का, अशी शंका येते. पराठ्याचा ‘प्राटा’ झाला. कोपऱ्यावरच्या लहान दुकानाला इथे ‘मामा शॉप’ म्हणतात. तो मामा तमिळ आहे, पण आपल्यालाही मामाच लागतो. मलय भाषेत तर आपलेच शब्द वेष पालटून बसले आहेत. भाषा म्हणजे ‘बहासा’, कापूस म्हणजे ‘कापास’, अननस म्हणजे ‘नानास’. ‘दोसा’ हा शब्द ऐकून तोंडाला पाणी सुटू देऊ नये. मलयमध्ये त्याचा अर्थ पाप, आपला ‘दोष’ तो. आणि आपली ‘छाया’ त्यांच्याकडे ‘चाहाया’ झाली आणि तिचा अर्थ झाला प्रकाश! ‘सिंगापुरा’तला सिंह आणि पूर तर सांगायलाच नकोत. कोल्हापूर, सोलापूर यांच्या पंगतीला बसणारेच हे नाव. शब्द समुद्र ओलांडतात तेव्हा त्यांचा उच्चार बदलतो, कधी अर्थही बदलतो. पण ते जगतात.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले, आणि ते आपोआप पालटले नाही. राज्यघटनेने मलय, मँडरिन, तमिळ आणि इंग्रजी या चार भाषांना अधिकृत मानले. १९६६ पासून माध्यमिक शाळांत दुसरी भाषा सक्तीची झाली. १९६७ साली तरुणांना राष्ट्रीय सेवा लागू झाली आणि सगळ्या जातीजमातींची अठरा वर्षांची पोरे एका बराकीत झोपू लागली. १९७९ साली पंतप्रधान ली क्वान यू यांनी चिनी लोकांसाठी ‘मँडरिन बोला’ मोहीम सुरू केली आणि हॉकियन, कँटोनीज या बोली नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरून हळूहळू मागे हटल्या. १९८७ पर्यंत सर्व शाळांत इंग्रजी ही पहिली भाषा झाली. १९८९ साली सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांचे प्रमाण राखण्याचा नियम आला. त्यामुळे कोणत्याही एका जमातीची वेगळी आळी उरली नाही. खालच्या मोकळ्या मजल्यावर खेळणारी मुले मिसळीसारखी एकत्र आली.

परिणाम जनगणनेत दिसतो. घरात मुख्यतः इंग्रजी बोलणारे २००० साली २३ टक्के होते, २०१० साली ते ३२ टक्क्यांवर गेले आणि २०२० साली ४८ टक्क्यांवर. भारतीय वंशाच्या लोकांत तर २०२० साली हे प्रमाण सुमारे ५९ टक्के होते. पूर्वी माणसाचे इंग्रजी ऐकून तो चिनी, मलय की तमिळ हे डोळे मिटूनही सांगता येई. तरुण पिढीत ते कठीण होत चालले आहे. आवाज आधी ‘सिंगापुरी’ लागतो, बाकीचे नंतर.

याचे एक सुंदर उदाहरण दूरचित्रवाणीवर होऊन गेले. १९९७ साली सुरू झालेल्या विनोदी मालिकेतला कंत्राटदार फुआ चू कांग अस्सल चिनी ढंगाचे सिंग्लिश बोलायचा. ती भूमिका करणारा नट गुरमित सिंग, शीख वडिलांचा मुलगा. भारतीय बापाचा मुलगा चिनी माणसाची बोली इतकी बेमालूम बोलतो आणि सारा देश ती आपलीच म्हणून हसतो, यावरून शहराचा आवाज एक झाला हे ओळखावे.

मूल बोलणे कोणाकडून शिकते?

आईबापांकडून, असे आपण सहज म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. इंग्लंडमध्ये १९६७ साली मिल्टन कीन्स नावाचे नवे शहर वसवायला घेतले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे तिथे आली, आपापले हेल घेऊन. पुढे पॉल करस्विल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ४, ८ आणि १२ वर्षांच्या मुलांचे बोलणे तपासले. चार वर्षांची मुले बरीचशी आपल्या आईसारखी बोलत होती. आठ आणि बारा वर्षांची मुले मात्र एकमेकांसारखी बोलत होती. शाळेचे अंगण घराच्या ओसरीवर मात करते, असा याचा अर्थ. आपल्या बालवाडीतल्या मुलाचे मराठी ऐकून आपण फुशारतो आणि तेच मूल तिसरीत गेल्यावर चिंतेत पडतो. दोष मुलाचा नाही, आपलाही नाही. वयाचा तो धर्मच आहे.

मुंबईतही हेच घडले. गिरणगावातल्या चाळीत कोकणातला मालवणी बोलणारा आणि घाटावरचा सातारी बोलणारा शेजारी शेजारी राहायला आले. त्यांची मुले एकाच गॅलरीत खेळली. त्यांतल्या कोणाचीही बोली धड मालवणी राहिली नाही की धड सातारी. ती मुंबईची झाली. आई गावच्या हेलात ओरडायची आणि पोरगा मुंबईच्या हेलात उत्तर द्यायचा. आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा त्याच गॅलरीतले. तेव्हा आपल्या घराण्यात हा बदल पहिल्यांदाच होतो आहे असे समजू नये.

तरीही प्रत्येक जण शहराबरोबर वाहत जातोच असे नाही. विल्यम लॅबॉव या अमेरिकन अभ्यासकाने १९६० च्या दशकात दोन मोठी पाहणी केली. न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत त्याने २६४ विक्रेत्यांना अशा वस्तूची चौकशी केली, की उत्तर ‘चौथा मजला’ हेच यावे. आणि त्या इंग्रजी शब्दांतला ‘र’ कोण उच्चारते ते टिपले. जितके दुकान महाग तितका ‘र’ जास्त, असे निघाले. म्हणजे उच्चारात माणसाची महत्त्वाकांक्षा बोलते. दुसरी पाहणी एका बेटावरची. मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर उन्हाळी पाहुण्यांची गर्दी वाढू लागली होती. १९६३ साली लॅबॉवने प्रसिद्ध केले, की ज्यांना बेट सोडून जायचे होते त्यांचे उच्चार मुख्य भूमीसारखे होत होते. आणि ज्यांनी बेटावरच राहायचे ठरवले होते ते तरुण आपल्या जुन्या कोळ्यांचा स्वर अधिकच घट्ट धरत होते. आपण कोणाचे, हे माणूस न बोलता ठरवतो आणि मग बोलताना ते बाहेर पडते.

‘ला’ आणि ‘ना’

आपली मुले ‘ला’ का म्हणतात, याचे उत्तर त्यात आहे. तो शब्द मलयमध्येही आहे आणि दक्षिण चिनी बोलींतही. दोन्ही वाटांनी तो इंग्रजीत शिरला आणि बेटाची मुद्रा होऊन बसला. सरकारला हे फारसे रुचले नव्हते. १९९९ साली पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी राष्ट्रीय दिनाच्या भाषणात फुआ चू कांगचे नाव घेऊन त्याने इंग्रजी सुधारावे असे सुचवले, आणि २००० साली ‘चांगले इंग्रजी बोला’ चळवळ सुरू झाली. हेतू व्यवहारी होता : जगाशी व्यापार करायचा तर जगाला कळेल असे बोलले पाहिजे. पण २०१६ साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने ‘शिओक’सारखे इथले शब्द दाखल करून घेतले, तेव्हा या बोलीचा उपहास करणाऱ्यांनाही थोडे थांबावे लागले. आज बहुतेक तरुण दोन्ही बोलतात. मुलाखतीला एक, हॉकर सेंटरवर दुसरे. ही चूक नसून चातुर्य आहे. आपणही कचेरीतले मराठी आणि माजघरातले मराठी वेगळे ठेवतोच की.

शिवाय ‘ला’, ‘लो’, ‘मे’ हे प्रत्यय मराठी माणसाने तरी हसण्यावारी नेऊ नयेत. “ये”, “ये ना”, “ये की”, “ये रे”, “ये बरं”, “ये हं” यांत किती छटा आहेत! पहिला हुकूम, दुसरा आग्रह, तिसरा थोडा राग, चौथी माया. हे परभाषकाला समजावून सांगताना आपली दमछाक होते. ‘ला’चेही तसेच आहे. आपला नातू “नको ला, आजी” म्हणतो तेव्हा तो मराठी बिघडवत नाही. “नको ना गं, आजी” मधली लाडी त्याला करायची आहे, आणि हाताशी जो शब्द आला तो त्याने वापरला आहे.

मग ‘ळ’चे काय?

आता केळ्याकडे वळू. नातवाच्या जिभेला ‘ळ’ का जमला नाही? कारण दिवसभर त्याच्या कानावर ज्या भाषा पडतात त्यांपैकी इंग्रजी, मँडरिन आणि मलय यांत ‘ळ’ नाही. शाळेत तो दुसरी भाषा म्हणून हिंदी घेतो. १९९० च्या सुमारास तमिळखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू या भाषांना शाळेत दुसरी भाषा म्हणून वाट मिळाली. मराठी त्या यादीत नाही. म्हणून आपली बहुतेक मुले हिंदीकडे जातात. त्याचा फायदा मोठा आहे : देवनागरी येते. पण हिंदीच्या नेहमीच्या मुळाक्षरांत ‘ळ’ नाही. मुलाला लिपी येते आणि नेमके आपले अक्षर येत नाही. उलट जी थोडी मुले तमिळ घेतात त्यांना देवनागरी येत नाही, पण ‘ळ’ मिळतो. तो तमिळमध्ये आहे. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या तमिळ पाटीशी (आजीला ते तसेच म्हणतात) आपल्या मुलाची गट्टी जमली तर आपला ‘ळ’ शेजारच्या घरात सुरक्षित राहील.

‘ळ’ गेला तर फार काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे : ‘काळ’ आणि ‘काल’, ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘गाळ’ आणि ‘गाल’, ‘मूळ’ आणि ‘मूल’ हे एक होऊन जातात.

दुसरी अडचण घ, झ, ध, भ यांची. हा घोष आणि श्वास एकत्र सोडण्याचा प्रकार इंग्रजी, मलय, मँडरिन, तमिळ यांपैकी कशातही नाही. म्हणून ‘भात’चा ‘बात’, ‘घर’चा ‘गर’, ‘धर’चा ‘दर’. इथे मात्र हिंदी घेणाऱ्या मुलाला शाळेची मदत होते. तिसरी अडचण आपल्या दोन ‘च’ची आणि दोन ‘ज’ची. ‘चार’मधला ‘च’ वेगळा, ‘चाक’मधला वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिहिताना सारखेच, बोलताना निराळे. ‘माझी’ आणि ‘माझा’ यांतला ‘झ’ही एक नाही. हे पुस्तक वाचून कळत नाही, कारण पुस्तकात ते लिहिलेलेच नसते. ते फक्त कानाने येते. म्हणजे आजीकडून येते.

इथे आजी-आजोबांची खरी किंमत लक्षात येते. मराठी शाळा आणि मंडळे आपले काम करीतच आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या सणासमारंभांना आपण जातो, २०११ साली विश्व मराठी साहित्य संमेलनही या बेटावर भरले होते. पण आठवड्यातून एकदा भरणारा वर्ग शब्द शिकवील, कविता पाठ करून घेईल. ‘चाक’चा ‘च’ रोजच्या पोळीबरोबरच वाढावा लागतो.

तंजावर आणि मॉरिशस

दूर गेलेल्या मराठीचे पुढे काय होते? दोन उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवण्यासारखी आहेत. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले. त्यांच्याबरोबर गेलेल्या मराठी घराण्यांनी तीनशे वर्षांहून अधिक काळ तमिळांच्या मध्ये राहून घरात मराठी बोलणे सोडले नाही. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आजही भिंतीवर आहे. मात्र त्या घरांतली मराठी पुण्याच्या माणसाला विचित्र वाटते. हेल तमिळ, कित्येक शब्द पुण्यात कधीच विसरले गेलेले, काही तमिळमधून उचललेले. पुण्याच्या मापाने ती मराठी अशुद्ध. पण जगली ती!

दुसरे मॉरिशस. तिथे एकोणिसाव्या शतकात कोकणातून मराठी माणसे उसाच्या मळ्यांत कामाला गेली. त्यांच्या वंशजांच्या घरात रोजचे बोलणे आज मुख्यतः क्रिओलमध्ये चालते. गणपती येतो, भजने होतात, शाळेत मराठी शिकवली जाते. धर्म आणि गाणी राहिली, पण स्वयंपाकघरातली भाषा गेली. त्यांची निष्ठा कमी होती असे म्हणण्याचा कोणाला अधिकार नाही. मळ्यातले जिणे कसे होते ते त्यांनीच जाणावे. आपल्याला शिकायचे ते एवढेच, की भाषा सणावर जगू शकते, पण जेवणाच्या पाटावर ती जास्त जगते. आणि ज्यांनी वाकडी-तिकडी का होईना रोज बोलली त्यांच्याकडे ती टिकली.

हसावे की न हसावे

आता त्या नातवाचे काय झाले ते सांगतो. आजीच्या लक्षात आले, की मुलगा आपल्याशी बोलेनासा झाला आहे. तिने कोणालाही दोष दिला नाही. एके दिवशी ती त्याला घेऊन बाजारात गेली आणि फळवाल्याकडे केळी मागू लागली. फळवाली चिनी बाई. आजीचे पुणेरी इंग्रजी तिला कळेना. ‘व’ आणि ‘व्ह’ची गल्लत, ‘ट’ आणि ‘ड’ जाडजूड. बाईने दोनदा विचारले, मागची माणसे हसली. तेव्हा आठ वर्षांच्या नातवाने पुढे होऊन दोन वाक्यांत काम केले, शेवटी ‘ला’ लावून. परत येताना आजी म्हणाली, “माझं इंग्रजी ऐकून ती हसली, बघ. तुझं मराठी ऐकून मी हसले. आपण दोघं सारखेच. तू मला तुझं शिकव, मी तुला माझं शिकवते.” नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग लिफ्टमध्ये हळूच म्हणाला, “आजी, के...ळं.” अक्षर अजून पूर्ण वळले नव्हते. पण शब्द परत आला होता.

या घरापुरती ही गोष्ट गोड झाली. पुष्कळ घरांत ती तशी होत नाही. उन्हाळ्यात मुले महाराष्ट्रात जातात, तिथली चुलत-मामे भावंडे त्यांच्या बोलण्याची नक्कल करतात, आणि परतीच्या विमानात मूल ठरवून टाकते की आपल्याला मराठी येत नाही. उलटही घडते. मुलगी शाळेच्या सभेत आईला कानात सांगते, “आई, तू नको बोलू, तुझा उच्चार इंडियन येतो.” आई गप्प बसते. पहिल्या घरात आजीची भाषा गेली, दुसऱ्यात आईचा मान गेला. कारण एकच : एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या जिभेला हसणे.

उच्चार शिकवू नये असे म्हणणे नाही. जरूर शिकवावा. पण वाक्य पुरे होऊ द्यावे, मग तोच शब्द आपल्या उत्तरात नीट म्हणावा. “बात दे” म्हटल्यावर “बात नाही, भात!” असे खेकसण्यापेक्षा “हो, गरम भात वाढते हं” म्हटले तर कान आपले काम करतो. पाहुण्यांपुढे मुलाला बोलून दाखवायला लावू नये. आजीशी एकांतात बोलू द्यावे. आजी-आजोबा दूर असतील तर टेलिफोनवर नुसती खुशाली न विचारता त्यांनी एखादी गोष्ट सांगावी आणि मुलाने ती ऐकावी. शक्य असेल त्याने त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. फोटो आपण हजारांनी काढतो. पण आपल्या आजीचा ‘ळ’ कसा होता, हे फोटो सांगत नाही.

आपला मुलगा उद्या पुण्याच्या मुलासारखे मराठी बोलणार नाही. तो न्यूयॉर्कला गेला तर तिथले लोक त्याला पहिल्या वाक्यालाच सिंगापुरी म्हणून ओळखतील, आणि ते त्याने अभिमानाने सांगावे. पण त्या सिंगापुरी आवाजात त्याने आपल्या आजीला हाक मारली आणि आजीला ती कळली, तर आपण पुष्कळ मिळवले. पुढच्या वेळी जेवताना कोणी ‘केलं’ मागितले, तर हसू आवरून आधी केळे हातावर ठेवावे.